दुरुस्तीच्या वहीतलं एक नाव

एकाहत्तरच्या मार्चमध्ये ती पहिल्यांदा आली,
लीड्समधल्या माझ्या तळघरातल्या दुकानात,
टोपीवरचा बर्फही न झटकता म्हणाली,
"याला भोक पाडायचंय."
मी माझ्या चेक उच्चारात म्हटलं,
बाई, हे व्हायोलिन आहे, दार नव्हे.

ऑस्ला इस्बिस्टर. गाव शेटलंड बेटांवर. वय वीस.
वाद्य तिच्या आजोबांच्या भावाने केलेलं,
वादळानंतर किनाऱ्याला लागलेल्या फळीतून.
पाठीवर खिळ्याचा गंजका डाग,
कुठल्या जहाजाचा, कुणास ठाऊक.
आवाज पातळ, पण हट्टी,
रोज वाऱ्याशी भांडून घसा कमावलेला.

मी भोक पाडलं. पोट तिलाही होतं, मलाही.
खालच्या कुशीत, बोराएवढं.
त्यातून वायर गेली आणि ती फळी
गिटारांच्या वर चढून किंचाळायला लागली.

एकदाच गेलो ऐकायला, शेफील्डला.
पोरं टेबलांवर, पायाखाली बिअरचा चिखल,
मधोमध ती, गजाचे तुटके केस लोंबतायत,
आणि शेजारची तार मोकळी सोडून वाजवतेय,
तिच्या बेटावर लग्नात वाजवतात तशी.
फक्त लग्न कारखान्यात लागलं होतं.
मला आवडलं नाही.
झोप मात्र आली नाही रात्रभर.

त्र्याऐंशी साली ड्रमर व्हायोलिनवर बसला.
पोट चिरलेलं, घोडी मोडलेली.
मी नेहमीसारखे मूठभर तांदूळ आत टाकून हलवले,
धूळ त्यांना चिकटून बाहेर येते.
धुळीबरोबर आला माशाचा एक खवला,
हॅम्बुर्गच्या ट्रामचं तिकीट,
आणि सिगारेटच्या पाकिटाचा तुकडा, त्यावर पेन्सिलीने:
आई हेरिंग साफ करायला बसायची
बोटांना चिंध्या बांधून,
म्हणायची, सुरीला अंगठा ओळखू येत नाही.

हे गाणं तेव्हा दुधवाल्यालाही पाठ होतं.
रेकॉर्डवर नाव होतं फर्गस टॅनकचं.
गिटार. सुंदर केस.

मी तो तुकडा काउंटरवर ठेवला.
तिने वाचला, अनोळखी माणसाचं पत्र वाचावं तसा,
आणि खिशात घातला.
"कोर्टात जा," मी म्हटलं.
ती म्हणाली, "हावरानेक, बिल किती झालं?"

त्यानंतर एकटीच फिरली.
चर्चचे हॉल, खाणकामगारांचे क्लब,
फेरी बंद पडली की फेरीच्या धक्क्यावरचं कँटीन.
आता गायचीही स्वतःच.
गळा गोड नव्हता, दळताना जात्यात खडा यावा तसा.
तिचंच गाणं तिने गायलं
की हॉलवाले टॅनकच्या नावे पैसे भरत.
एकदा तर पावती तिलाच नेऊन द्यायला सांगितली.
दिली म्हणे तिने.

दोन हजार नऊ.
माझे हात कापतात, तिचा डावा कान गेलेला,
स्पीकरने खाल्ला.
"ऐकतेस कशी?"
तिने हनुवटी वाद्यावर टेकवली,
मानेवरचा जुना घट्टा तिथे बरोबर बसला.
"जबड्यातून," ती म्हणाली. "हाड खोटं बोलत नाही."
बोटांना पट्ट्या होत्या.
त्यांच्याकडे मी पाहिलं, तिने पाहताना पाहिलं,
दोघंही काही बोललो नाही.

वायर काढायची होती. काढली.
भोकाच्या मापाचं पाइनचं बूच
मी आदल्या रात्रीच तासून ठेवलं होतं,
रेषेला रेष जुळवून, भिंग लावून,
आयुष्यातलं बहुधा शेवटचं नेमकं काम.
ती म्हणाली, "राहू दे."
"अगं, आवाज सुधारेल."
"राहू दे. शाळेतली पोरं बोट घालून बघतात.
तेवढ्यासाठी तरी वर्गात येतात."

वहीत लिहिलं: वायर काढली. भोक तसंच.
"काम पूर्ण" या रकान्यात
पेन बराच वेळ धरून ठेवलं,
मग दुसरंच कुणीतरी सेलो घेऊन आलं.

बूच अजून खणात आहे, बटणं आणि राळेच्या वड्यांमध्ये.
त्याचे पैसे मी लावले नाहीत.