वापराचा रकाना

नमुना आठमध्ये वापराचा रकाना
एका शब्दापुरताच असतो.
राहतं, दुकान, गोठा, पडीत.
काहीतरी लिहायचं आणि पुढच्या घराकडे चालायचं.

कोष्टीपुऱ्याच्या टोकाला, बोडीच्या पाळीलगत,
ही पंचांची साळ. बावन्न फूट लांब, रुंदी जेमतेम चौदा.
एवढी लांब कशाला, विचारलं
तर चिंधूजी हेडाऊ हसले:
"ताना काय खोलीत मावते का जी?"

आढ्याला कड्या आहेत अजून, सतरा.
एकीला पंखा, एकीला अंगणवाडीचा वजनकाटा,
बाकीच्या रिकाम्या.

उंबऱ्यात दोन लोखंडी खुंट्या ठोकलेल्या:
हा पंचांचा हात.
या हातानं लुगडं मोजायचे, अठरा वेळा,
एक बोट कमी भरलं तर विणणारा
साऱ्या पुऱ्याला गूळपाणी पाजायचा, मान खाली घालून.
सकुबाई परातेंच्या आज्यानं दोनदा पाजलं.
"दुसऱ्या खेपेला बुढ्यानं मुद्दामच केलं," ती म्हणते,
"स्वतःले गूळ खावासा वाटला म्हणून."

मग सूत परमिटावर आलं. भिंत फोडून खिडकी केली,
त्याच खिडकीतून पुढे राकेल.
भिंतीवर खडूनं एकोणतीसचा पाढा, सहाव्या ओळीपर्यंत;
तेवढ्यात शाळेवर पत्रे बसवून झाले असावेत.
पुराच्या साली इथं तीन बायका बाळंत झाल्या.
एका पोराचं नाव तानाजी.
लोकांना वाटतं इतिहासातलं,
ते ताण्यातलं आहे.

आत्ता आत धानाचे कट्टे, थेट आढ्यापर्यंत,
आणि वर बसून मोबाईल बघणारी दोन पोट्टी.

मी टेप लावला खुंट्यांना.
अठरा इंच भरायला हवे होते.
साडेअठरा.
पुन्हा लावला. साडेअठरा.
म्हणजे दर लुगड्यामागे एक वीत
हा पुरा जास्तीची देत होता,
कुणाला न सांगता, किती पिढ्या कोण जाणे.

चिंधूजींना दाखवलं.
ते वाकले, खुंटीवरची धूळ अंगठ्यानं पुसली.
"धुतल्यावर आटते ना, बापा."

रकान्यात आधीच्यांनी लिहून खोडून, लिहून खोडून
कागद पातळ झालेला,
पलीकडची बोडी दिसेल इतका.
मी पेन्सिलनं लिहिलं.