वास नावाचा रकाना

भूपालतात्यांचं खातं एकतीस तारखेला बंद करायचं ठरलं.
"क्लाऊडचं भाडं माणशी पडतं, काकी," सन्मती म्हणाला,
"आणि माणूस तर आता नाही."
बरोबरच बोलला. हिशेब मीच ठेवते.

मग एकेक फाईल उघडून बघितली, तर
सगळ्यांवर एकच नाव: मालक, भूपाल मगदूम.
सौद्याचे भाव, हमालीची पत्रकं, शीतगृहाच्या पावत्या,
तौफिकनं काढलेले हळकुंडांचे फोटो.
सात वर्षं मी जिच्यात जमाखर्च लिहिला
ती वहीसुद्धा त्यांचीच निघाली.
पहिल्या दिवशी 'नवीन' त्यांनी दाबलं होतं, एवढंच.
आम्ही सगळे वाटेकरी.

एका बोटानं टाइप करायचे.
उमेदीची वीस वर्षं हरिपूरला पेवांवर काढलेली.
वीस-पंचवीस फूट खोल, पोटात हळद,
वर माती. ना पाटी, ना नंबर.
कुणाचा माल कुठल्या दगडाखाली
ते तात्यांच्या पावलांना पाठ.
पेव उघडलं की आधी दोरीनं कंदील सोडायचा.
कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही,
मालक असला तरी.
"तुझ्या त्या परवानग्या," ते सन्मतीला म्हणायचे,
"आमच्यात कंदील द्यायचा."

मग एका साली कृष्णा आत शिरली
आणि माती ओली झाली ती झालीच.
पेवं गेली, शीतगृहं आली,
त्यानंतर हे आभाळ.
तात्या म्हणाले, "खाली नाही तर वर.
माल सुका राहिला म्हणजे झालं."

आभाळ सुकंच होतं,
पण फायलींचं पेव फुटलं.
राजापुरी अंतिम. राजापुरी अंतिम दोन.
राजापुरी अंतिम पद्मजा.
हीच धरा. ही नको, कालची धरा.
एका लॉटचे तीन भाव,
आणि इरोडचा व्यापारी फोनवर खोळंबलेला.
त्या दिवशी तात्यांनी सगळ्यांना बसवलं, चहा सांगितला
आणि एकच वही ठेवली.
बाकीच्या टाकल्या नाहीत, 'जुनं' म्हणून एका फोल्डरात नेल्या.
"कचरा तीस दिवसांनी खरंच जातो," म्हणाले. "मी वाचलंय."

त्या वहीत त्यांचा एक रकाना होता.
लॉट, वजन, ओल, भाव,
आणि अगदी कडेला: वास.
कुणी मागितला नव्हता. इरोडला त्याचं काही नव्हतं.
चुकून पुसला गेला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

४१२: बरा.
४१३: पोत्याचा आहे, हळदीचा नाही.
४१९: घरी ठेवण्यासारखी.
४२६: सर्दी झालीय. उद्या सांगतो.

त्याच्या खाली काही नाही.

परवा रात्री सन्मतीनं मालकी माझ्या नावावर फिरवली.
एक चौकट उघडली: तुम्ही स्वीकारता का?
मी उठून गाळ्याच्या दारापर्यंत जाऊन आले.
यार्डात कुणीतरी दाभणानं पोतं शिवत होतं,
बॅटरी दातात धरून.
मग हो म्हटलं.
दोनशे अकरा फायली, पापणी लवायच्या आत.

बदलांच्या यादीत ते अजून दिसतात:
भूपाल मगदूम, सकाळी सात दहा.
भूपाल मगदूम, सकाळी सात बारा.
सातला तर गाळ्याचं कुलूपही निघालेलं नसायचं.
म्हणजे नमुना खिशातून घरी न्यायचे.
शेजारच्या खुर्चीवर बसून सात वर्षांत
हे मला माहीत नव्हतं.

पद्मजा विचारते, वासाचा रकाना काढू का,
छापताना पानात मावत नाही.
मी तिला म्हटलं, आडवं छाप.

मला स्वतःला वासातलं काही कळत नाही.
४२६ चा माल कधीच इरोडला गेला,
त्याच्यापुढचं 'उद्या सांगतो' तसंच ठेवलंय.
आज ५०३ च्या पुढं एका बोटानं लिहिलं:
तौफिक म्हणतो, बरा.