ठळक

मास्तरांनी वहीवर लाल शाईत
एकच अक्षर काढलं होतं : ढ.
काटकुळं, टोकदार.

अण्णा तेव्हा माझगावात
ढमढेरे ब्रास बँडची पाटी रंगवत होते.
वही पाहिली. बोलले नाहीत.
बारा नंबरचा ब्रश पिवळ्या इनॅमलात बुडवून
असा ढ काढला
की ट्रंपेट पुसणारा ढमढेऱ्यांचा पुतण्या
हसतच सुटला.
पोट सुटलेला, कोपरा कुठेच नाही.
ओघळ आला तो अंगठ्याने पुसला,
टोक तिथेच गोल झालं.

आता मी स्क्रीनवर अक्षरं घडवते.
नवा टाइप लोक क पासून सुरू करतात,
मी ढ पासून.
जाडी वाढवत नेते
आतली पोकळी बुजायच्या बेताला येईस्तोवर,
मग थांबते.
शिरोरेषेचं टोक मात्र
माउसने काही केल्या तसं होत नाही.
अंगठा लागतो.