आठ बाय दहा

अंजनगावात माझं फोटो फ्रेमचं दुकान.
देव कमी, माणसं जास्त.
दहाव्याच्या आधी लोक घाईनं येतात,
मोबाइल पुढं करतात:
यातला हा, निळ्या शर्टातला, एवढाच काढा.

म्हातारा गेला असेल तर काम सोपं.
त्याचा फोटो कुणीतरी काढूनच ठेवलेला असतो,
पांढरी टोपी, खुर्ची, मागं धुतलेली चादर.
पन्नाशीतला माणूस मात्र कापावा लागतो
पुतणीच्या लग्नातून, पंगतीत बुंदी वाढताना.
खांद्यावर कुणाचा तरी हात राहून जातो.
तो मी कॉम्प्युटरवर पुसतो.
त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

आमच्या घरी भिंतीच्या मधोमध झिंगराजी आजोबा.
वय शहाण्णव.
पानमळ्यात सत्तर वर्षं वाकून वेल बांधले,
बिडी सोडली नाही, ठेच्यावरचं कच्चं तेल सोडलं नाही,
आणि एका पहाटे चहा मागितला,
तो येईस्तोवर गेले.
घरात कुणी मीठ कमी करा म्हटलं
की गुणवंतकाका भिंतीकडं बोट करायचा,
"आपल्या घराले नव्वदीच्या आत मरन नाई.
झिंगराजी पाह्य."

गुणवंतकाका त्रेपन्नाव्या वर्षी
परतवाड्याहून एसटीनं येत होता, खिडकीला डोकं टेकून.
उतरायचं अंजनगावला.
कंडक्टरनं हलवलं तेव्हा अकोट आलं होतं.
लोक म्हणाले, गॅस.
बाबा अठ्ठेचाळीस. तोही गॅसच.
ओवा चावत होते,
उरलेला मुठीत होता, आईनं बोटं उघडली तेव्हा सांडला.

मागच्या थंडीत काचेचं तावदान उचलताना
माझाही डावा हात जड झाला.
मीही आधी ओवाच शोधला, खोटं कशाला बोलू.
अमरावतीच्या डॉक्टरीणबाई पोरगेल्या होत्या.
कागदावर नजर ठेवूनच म्हणाल्या,
घरात कुणाला हार्टचा त्रास?
मी म्हणालो, छे, आमच्याकडं नव्वदीपार जातात.
जीभच बोलली. तिला सवय होती.
दाराशी उभी असलेली सुलोचना म्हणाली,
"खरं सांगा ना जी."

मग डोळे मिटले आणि भिंत आठवली.
खिळ्याखिळ्यानं गेलो.
एक म्हातारा.
पाच लग्नातून कापलेले.
पाचही मीच कापलेले,
पाचही खांद्यांवरचे हात मीच पुसलेले,
आणि तरी इतकी वर्षं
मोजला तो एकच.
बाईंनी लिहून घेतलं. रकाना पुरला नाही,
त्या समासात शिरल्या.

दोन स्टेंट बसले. बिडी नव्हतीच, खर्रा सुटला.
सुटला म्हणजे, पानठेल्यासमोरून जाताना
अजून मी रस्त्याची दुसरी बाजू धरतो.

घरी आल्यावर सगळ्या फ्रेमा उतरवल्या.
पाठीच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहिलं:
त्रेपन्न, हृदय.
अठ्ठेचाळीस, हृदय.
बाबांच्या पुठ्ठ्यावर जुन्या बॉलपेननं
आईच्या अक्षरात गॅस लिहिलेलं होतं.
ते खोडलं नाही. खाली लिहिलं.

पोरगा बावीस वर्षांचा, जिमला जातो,
दंड दाखवून म्हणतो, मी झिंगराजीवर गेलोय.
त्याला सहाही पुठ्ठे वाचायला लावले, मोठ्यानं.
तिसऱ्यापाशी त्याचा आवाज बसला.
सोमवारी उपाशीपोटी सरकारी दवाखान्यात नेला.
सुई पाहून तोंड फिरवलं त्यानं,
पण बाही स्वतःच वर सरकवली.

फ्रेमा परत टांगल्या, आता एका ओळीत.
मधोमध भिंतीवर
झिंगराजींच्या मापाचा कोरा चुना उरलाय,
आठ बाय दहा.
त्यांच्या पुठ्ठ्यावर काय लिहावं सुचेना.
पेन्सिल कानावर ठेवून बराच वेळ बसलो.
मग लिहिलं,
शहाण्णव. चहा.