४१६४१६

चार लाख सोळा हजार चारशे सोळा.
मोठ्यानं म्हणून बघा,
पाढा म्हटल्यासारखं होतं: चार, सोळा, चार, सोळा.
चार चोक सोळा, म्हणायचे मुजावर,
पावली आणि रुपया, पावली आणि रुपया,
आपल्या सांगलीचा पिन सोळा आणे आहे, आवटीबाई.

मी नवी होते. पहाटे चारला टपालाची गाडी,
गोण्यांची सुतळी, लाखेचा वास,
हळदपेठेतल्या पाकिटांवर पिवळी बोटं.
माझ्या लेखी तो नुसता एक खण होता भिंतीतला.
मुजावरांनी एका रद्द फॉर्मच्या पाठीवर
तो फोडून दाखवला, शेंग फोडावी तसा:
चारशे सोळा गुणिले एक हजार एक.
एक हजार एकात सात, अकरा, तेरा.
चारशे सोळात आणखी एक तेरा दडलेला,
बाकी सगळे दोन. पाच दोन.
"संपलं. याच्या आत आता कुणी राहत नाही."

"बहात्तर जणांनी याला पुरता भाग जातो.
याला स्वतःला वगळा
आणि उरलेल्या एकाहत्तरांची बेरीज करा,
याच्याहून जास्त भरते. दोनदा केली मी.
असलं घर बघितलंय कुठं?
तीन मात्र नाही हं. पाच नाही. नऊ तर नाहीच.
सगळ्यांनाच थोडं आत घ्यायचं असतं?"

पलीकडचं विश्रामबाग, ४१६४१५.
एकाचं अंतर.
तिथं तीन, पाच, सतरा, तेवीस, एकाहत्तर.
दोघांत सामाईक काही म्हणजे काही नाही.
"सख्खे शेजारी असेच की,"
म्हणत ते भडंगाची पुडी सोडायचे.

एकदा शाई फुटून
एकाचा आठ झालेला: ४८६४१६.
मुजावरांनी सातनं भागलं. गेला.
चेहरा पडला त्यांचा.
मग अकरा. मग तेरा. दोघांनी हात काढून घेतले.
"सात भोळा आहे," ते म्हणाले
आणि पाकीट आमच्याच खणात टाकलं.
(वरती गणपती पेठ, सांगली, असं ठळक लिहिलेलं होतं.
मी काही बोलले नाही.)

रिटायर झाले आणि लेकीकडे विजापूरला गेले.

परवा पोस्टकार्ड आलं, एकोणीस दिवसांनी,
तीन गावांचे शिक्के खाऊन.
पिनच्या सहा चौकटी रिकाम्या.
वर नुसतं: आवटीबाई, टपाल कचेरी,
६१६ गुणिले ६७६.
आणि कडेला, तांबड्या पेनानं, दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात
अख्खा गुणाकार मांडलेला,
हातचे वर बारीक लिहून.
कोण असेल? मिरजेचा असेल.
रात्रपाळीला बसला असेल एकटाच.

मागे मजकूर एवढाच:
"इथला आकडा ५८६१०१. आल्यापासून बघतोय.
तीन लागला, पहिल्याच दिवशी.
उरले १९५३६७. सदतीसपर्यंत जाऊन आलो,
कुणी दार उघडत नाही.
तब्येत बरी. ऊन फार."

जेवणं झाल्यावर
लाइटबिलाच्या पाठीवर मी एकेचाळीसपासून धरलं.
चार हजार सातशे पासष्ट.
बाकी दोन.