हातमोज्यात ठेवलेला कॅमेरा

रात्रपाळीत मी दारं राखते,
ज्यांना कडी नसते, बिजागरीही नसते.
रीगाचा डावा तीर, सहावा मजला.
दौगावा गोठली की माझ्या पडद्याचा उजेड
खिडकीतून थेट बर्फावर जाऊन पडतो.
कोण आलं, कुठून आलं, पासवर्ड किती वेळा चुकला,
मी बघते. बहुतेकदा कुणीच नसतं.
असलाच तर बँकेतला एखादा माणूस,
सुट्टीवरून परतलेला,
स्वतःच्याच कुत्र्याचं नाव विसरलेला.

व्हिस्वाल्दिसकाका गेला तेव्हा त्याच्या खणात
हातमोजा सापडला. एकच. डाव्या हाताचा.
लाल लोकर, पांढरी नक्षी,
आणि बोटांच्या जागी कॅमेरा:
चपटा, बोटभर लांब, ह्याच शहरातल्या कारखान्यात घडलेला.
ओढला की उघडतो, दाबला की मिटतो,
खट्.
सोबत मणी ओवलेली बारीक साखळी,
कागदापासून किती लांब धरायचा ते मोजायला.

घरात सगळ्यांना वाटायचं, काका हेर आहे.
कुणाचा, ह्यावर एकमत नव्हतं.
आई म्हणायची ह्यांचा, आत्या म्हणायची त्यांचा,
आणि काका जेवताना दोघींकडे आळीपाळीने बघून
मीठ मागायचा.

आतला रोल सत्तर वर्षं जुना. कोण धुणार?
त्सेसिसला गुंतिस नावाचा एक जण आहे,
न्हाणीघराची खिडकी काळ्या कापडाने बुजवून करतो.
पन्नास चौकटी. अकरा उठल्या.
नखाएवढ्या. भिंगाखाली धरल्या:
ना जहाज, ना पूल, ना कुठला गुप्त शिक्का.
हातमोजे.
टेबलावर पसरलेली एकेक जोडी,
कडेला साखळीचं टोक.
शेवटच्या चौकटीत काकूची बोटं,
आणि उसवत चाललेली लोकर.

त्या वर्षांत ती नक्षी घरात सापडली तर चौकशी व्हायची.
चार हात, चारही कोपरात मोडलेले,
एकामागे एक धावणारे.
आमच्याकडे तो मेघांचा क्रूस.
वीज ह्या घरावर पडू नये म्हणून विणायचा,
नवरीच्या पेटीत तर हमखास.
काकू उसवत होती, काका टिपत होता.
माझ्या धंद्यात ह्याला बॅकअप म्हणतात.

अकराही चित्रं मी संग्रहालयाला पाठवायला घेतली.
अडली.
'निषिद्ध चिन्ह. खात्री सत्त्याण्णव टक्के.'
नियम माझाच, गेल्या मार्चमध्ये लिहिलेला,
त्या दिवशी टीमने केकसुद्धा आणला होता.
मग अपवाद लिहायला बसले:
लोकर असेल तर सोड.
लोकर म्हणजे काय, हे यंत्राला समजावता समजावता
उजाडलं.

जिन्यात फ्रीदा भेटली, तळमजल्यावरची.
मोजा माझ्या हातात.
ती थांबली. कठडा धरला.
मी घाईघाईने बोलू लागले, जुनं आहे हे, फार जुनं,
त्यांच्या कितीतरी आधीचं, विजेसाठी असतं,
"ठाऊक आहे," ती म्हणाली.
"माझी आई शेजारणींना विणून द्यायची हेच.
डोक्याला सगळं ठाऊक आहे गं.
गुडघ्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही."

मी मोजा खिशात कोंबला.
खिसा लहान. अंगठा बाहेर राहिला.
मग तिने कॅमेरा मागितला. ओढून बघितला.
रिकामा आहे म्हटलं तरी
साखळीचं टोक माझ्या हनुवटीला लावलं,
मणी मोजले,
एक पायरी खाली उतरली.
"हलू नकोस."
खट्.

ऑफिसात त्या इशाऱ्यापुढे अजून दोनच खाने आहेत:
धोका. धोका नाही.
मी तिसरा मागितलाय.
त्याला नाव काय द्यायचं, विचारतात.
मीटिंग गुरुवारी आहे.