किर्र

हरभट रोडला भूपाल मगदूमांच्या काउंटरवर
हिरव्या मखमलीच्या तुकड्यावर दोन लेन्स,
कुंकवाच्या डबीएवढ्या चपट्या.
एक जुनी, कुणीतरी वापरून विकलेली.
एक नवी, अजून खोक्याचा वास असलेली.
"आतली काच तीच हाय," भूपाल म्हणाले,
"पाची भिंगं तीच. वर नुसती ही रिंग दिलीया
आणि मागं रबराची कड. धूळ आत जात न्हाई."
एका रिंगेचे आणि एका रबराचे
अकरा हजार.

मी दोन्ही मागून नेल्या, शनिवारपर्यंत.
जामीन म्हणून स्कूटरचं आरसी बुक ठेवलं.

माझं काम मिरजेत. सतारींचे फोटो.
एका सतारीचे आठ, कॅटलॉगसाठी:
भोपळा मागून, तबली पुढून, खुंट्या अगदी जवळून.
गिऱ्हाईक कोपनहेगनचं असो नाहीतर इस्लामपूरचं,
आधी भोपळ्याला तडा शोधतं.

दस्तगीरचाचा जवारी काढत बसलेले.
तार उचलायची, घोडीवर कानशीचे दोन हलके फेर,
तार खाली, छेडायची, मान कलती करून ऐकायचं,
पुन्हा तार वर.
दुपारभर हेच. मध्ये चहा, तोही बशीत निवत ठेवलेला.

मी फोकस घेतला. लेन्सच्या पोटातून किर्र.
कानस थांबली.
"कसला आवाज यायलाय?"
"मोटर, चाचा. ही जुनी."
दुसरी लावली. किर्र.
"ही नवी?"
"ही नवी."
"थांब. डोळे मिटतो. आता बदलून लाव."

लावली, काढली, लावली,
एकदा तीच परत लावून फसवायलाही बघितलं.
एकदासुद्धा चुकले नाहीत.
"एक जरा ढिल्ली, एक आवळलेली. गळा एकच.
खुली जवारी, बंद जवारी, एवढाच फरक."
"मग चांगली कुठली?"
चाचांनी बोटावरची पूड फुंकली.
"वाजवणारा कोण, ते कळल्याबिगर
मी घोडीला कानस लावत न्हाई."

वाजवणारी मी.
सत्तेचाळीस वर्षांची, डाव्या खांद्याने जरा उतरती,
नव्या रिंगेवरचे आकडे वाचायला
कपाळावरचा चष्मा खाली ओढणारी.
रिंग फिरते मात्र छान. कट् कट् कट्,
कुलपाच्या किल्लीसारखी. तिच्याशी नुसतं खेळत
मी पाऊण तास घालवला, हे कबूल करते.

मग जुनी खिडकीच्या उजेडात धरली.
दुसऱ्या भिंगामागे एक कण.
कुणाच्या गच्चीवरचा, कुणाच्या बारशातल्या पावडरचा,
कोण जाणे.
फोटोत तो येत नाही. तिरप्या उजेडात तेवढा दिसतो.

आणि इथली पूड तर हाडाची, पांढरी, पिठाहून बारीक.
चाचांच्या भुवयांवर, बशीच्या कडेला,
माझ्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक फटीत.
नव्या लेन्सला रबर आहे. नवी घेतली
तर ही दुपार बाहेरच राहील.
शहाणपण त्याच बाजूला होतं.

शनिवारी नवी परत केली.
"तुझं धुळीतलं काम," भूपाल म्हणाले,
"वर्षभरात आत दिसाय लागंल बघ."
"दिसू दे."
"फोटोला काय व्हायचं न्हाई. पर परत विकाय आणलीस
तर भाव पाडणार मी, आत्ताच सांगतो."
त्यावर काहीतरी ठसक्यात बोलायचं मनात होतं.
मी आरसी बुक मागितलं.

जुनीला झाकण नव्हतं. त्यांनी खण उपसून
दुसऱ्याच कंपनीचं एक दिलं.
बसतं, पण सैल.
विश्रामबागच्या सिग्नलला गाडी थांबली
तेव्हा पिशवीत ते निसटलं. टक्.
कुठली तार, कुठली घोडी,
मी मान कलती करून बसले हेल्मेटच्या आत
आणि मागचा टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून.